घरी कॉइल गुंडाळताय? या चुका टाळा

रेडिओ बोलला नाही की नवशिक्याचा पहिला संशय ट्रान्झिस्टरवर. तो बदलतो, मग कपॅसिटर बदलतो, मग डायोड. अख्ख्या सर्किटमध्ये एकच वस्तू त्याने स्वतःच्या हाताने बनवलेली असते, ती कॉइल, म्हणजे स्टेशन लावण्यासाठी नळीवर गुंडाळलेले तारेचे वेढे. नेमकी तीच कोणी तपासत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा आयटीआयला जाणारा एक मुलगा आला. पिशवीत ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा, त्यावर २६ गेजच्या तारेचे ६० वेढे. एकाला एक लागून बसलेले, नजर ठरावी असं काम.

“काका, तीन दिवस झाले. गँग कुठंबी फिरवा, नागपूरच लागते. अन् तेही पुसट.” (गँग म्हणजे स्टेशन बदलायला फिरवायचा कपॅसिटर.)

“तार कुठून आणली?”

“वाइंडिंगवाल्या भाऊच्या दुकानातून. जळालेल्या मोटारीची होती, फुकट देली त्यानं.”

मोटार जळते तेव्हा तारेवरचं एनॅमल, म्हणजे वेढे एकमेकांपासून अलग ठेवणारं पातळ आवरण, भाजतं. रंग काळपट होतो, ते ठिसूळ बनतं आणि तार वाकवली की तडकतं. भिंगाखाली पाहिलं तर पाइपाच्या मध्यावर दोन जागी उघडं तांबं चमकत होतं आणि शेजारच्या वेढ्याला टेकलेलं होतं. म्हणजे एक वेढा स्वतःतच शॉर्ट. असा वेढा ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट केलेल्या सेकंडरीसारखा वागतो. त्यात फिरणारा करंट बाकीच्या वेढ्यांचं चुंबकीय क्षेत्र खातो, इंडक्टन्स (कॉइलचं मायक्रोहेन्रीत मोजायचं मूल्य, त्यावर स्टेशनची जागा ठरते) घसरतो, क्यू (ट्यूनिंगची धार ठरवणारा कॉइलचा दर्जा) तर मातीमोल होतो. ट्यूनिंगला धारच उरत नाही, म्हणून जवळचं जोरदार स्टेशन डायलभर पसरतं.

त्याने मल्टिमीटर लावून पाहिला होता. बीप वाजला, म्हणून कॉइल ठीक असं धरून चालला. या बीपवर माझा खरा राग आहे. ६० वेढ्यांना सुमारे बारा मीटर तार लागते, तिचा रोध सव्वा ओहमच्या आसपास. त्यातला एक वेढा शॉर्ट झाला तर फरक पडतो ०.०२ ओहमचा. मल्टिमीटरच्या नुसत्या वायरींचाच रोध याच्या कितीतरी पट असतो. तो मीटर ही चूक दाखवूच शकत नाही. वाइंडिंगवाला आर्मेचर (मोटारीचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) ग्राउलरवर, म्हणजे एसीवर चालणाऱ्या विद्युतचुंबकावर, ठेवून हॅक्सॉ ब्लेड थरथरतं का बघतो, ते याचसाठी. त्याला ठाऊक असतं की रोध बरोबर दिसणारी गुंडाळीही आतून शॉर्ट असते.

आणि ही फुकटची तार वाचवते तरी किती? बारा मीटर २६ गेजचं वजन वीस ग्रॅमसुद्धा भरत नाही. त्याच दुकानातून नवी तार वजनावर आणली, त्याच पाइपावर पुन्हा ६० वेढे घातले. सूत्राने २४१ मायक्रोहेन्री यायला हवे होते, मोजल्यावर २३६ आले. ३६५ पिकोफॅरडचा गँग मिटत आला आणि ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर आपल्या जागी, एकटं, स्वच्छ लागलं.

सूत्र हॅरॉल्ड व्हीलर या रेडिओ अभियंत्याचं, १९२८ सालचं. त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग गुणिले ०.३९४, भागिले नऊ पट त्रिज्या आणि दहा पट गुंडाळीची लांबी यांची बेरीज. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर मायक्रोहेन्रीत. त्रिज्या तारेच्या मध्यापर्यंत धरा आणि पाइपावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, कॅलिपर लावा.

आता मोजणं. एलसीआर-टी४ जातीचा स्वस्त टेस्टर हल्ली प्रत्येकाकडे असतो. त्याची इंडक्टन्सची मोजणीच १० मायक्रोहेन्रीपासून सुरू होते, पायरीही तेवढीच मोठी. मीडियम वेव्हच्या कॉइलचा अंदाज त्यावर येईल. पण टी५०-२ या लाल टोरॉइडवर, म्हणजे लोहचूर्णाच्या बांगडीसारख्या कोअरवर, २० वेढे घातले की होतात १.९६ मायक्रोहेन्री. ती कॉइल टेस्टरला नुसता रेझिस्टर वाटते, आणि मुलं चांगली कॉइल उकलून टाकतात.

मी अनुनाद, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरची जोडी कोणत्या फ्रिक्वेन्सीला सर्वात जोरात प्रतिसाद देते ते, बघूनच मोजतो. खात्रीचा सिल्व्हर मायका कपॅसिटर समांतर लावायचा, सिग्नल जनरेटर फिरवायचा, ऑसिलोस्कोपवर शिखर कुठे येतं ते बघायचं. २५३३० भागिले मेगाहर्ट्झचा वर्ग, पुन्हा भागिले पिकोफॅरड, म्हणजे मायक्रोहेन्री. यातही मी एकदा फसलो आहे. ७.१ मेगाहर्ट्झच्या फिल्टरसाठी हीच २० वेढ्यांची कॉइल २५६ पिकोफॅरडसोबत लावली होती. शिखर आलं ६ मेगाहर्ट्झला. वेढे जास्त झाले समजून एकेक काढत १७ वर आलो, ७.१ मिळाले, सोल्डरचा डाग दिला. ऑसिलोस्कोपचा प्रोब काढून फिल्टर चालवला तर तो ८.३ च्या पुढे. प्रोब एक्स-१ वर, म्हणजे सिग्नल न घटवता सरळ घेण्याच्या खुणेवर, होता. त्याचे स्वतःचे शंभरेक पिकोफॅरड मी कॉइलच्या माथी मारले होते आणि बरोबर असलेले तीन वेढे काढून टाकले होते. तेव्हापासून प्रोब कॉइलला लावतच नाही. दोन वेढ्यांची वेगळी छोटी कॉइल (लिंक) सैलसर जवळ धरतो आणि प्रोब, एक्स-१० वर (सिग्नल दहापट घटवून घेणाऱ्या खुणेवर) ठेवून, त्या लिंकला लावतो.

टोरॉइडवर तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजाल तर एक चुकेल, आणि २० च्या जागी १९ झाले की इंडक्टन्स दहा टक्क्यांनी घटतो.

भंगारातल्या कॉम्प्युटर सप्लायमधलं पिवळं-पांढरं टोरॉइड आणि टी५०-६ चं पिवळं टोरॉइड एक नव्हे. पहिलं २६ नंबरच्या मिश्रणाचं, ७ मेगाहर्ट्झला सिग्नल गिळतं. योग्य कोअर मिळत नसेल तर हवेची कॉइल करा. अशर फरहान यांनी बिटएक्स हा घरी बनवता येणारा हॅम रेडिओ रचला तेव्हा नळाच्या वॉशरवर कॉइली गुंडाळल्या, आणि तो चालला.

मोटारीच्या तारेचं एनॅमल सोल्डरिंग आयर्नने जात नाही. ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यातून टोक ओढा, तार फिरवत चारही बाजू गुलाबी करा, मगच डाग द्या.

कॉइल पत्र्याच्या डब्याला चिकटवून बसवू नका. निदान तिच्या व्यासाएवढं अंतर सोडा.

पुठ्ठ्याची नळी आमच्याकडे आषाढात ओल धरते आणि क्यू बसतो. वापरायचीच असेल तर आधी वार्निश पाजा.

मेणबत्तीच्या मेणाने वेढे बसवायची सवय आहे ना? मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. मेण मऊ पडतं, वेढे सरकतात आणि दुपारी लावलेलं स्टेशन रात्री दुसरीकडे सापडतं. मी दोन्ही टोकांना आणि मध्ये तीन जागी नेलपॉलिशचे ठिपके देतो, रात्रभर वाळू देतो, आणि सकाळी पुन्हा एकदा मोजतो.