कपड्यांच्या लेबलचा परफ्यूम काढायचाय? बाटली नंतर, आधी ब्रीफ

कपड्यांचं लेबल, म्हणजे ब्रँड, जरा चालायला लागलं की कोणीतरी म्हणतंच, आता एक परफ्यूम काढूया ना. मग काय होतं, सप्लायरकडचा तयार ऊद-व्हॅनिला उचलायचा, वर आपला लोगो चिकटवायचा, झालं. विकलाही जाईल तो, पण तोच वास उद्या दुसऱ्या लेबलच्या बाटलीत सापडतो, मग त्यात तुमचं काय राहिलं?

नीट कसं करतात ते बघायचं तर टोकियोचं कॉम दे गारसाँ हे कपड्यांचं लेबल बघा. रेई कावाकुबोने १९६९ मध्ये सुरू केलेलं, आजही कुठल्या मोठ्या ग्रुपच्या ताब्यात नसलेलं. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला या बाईने पॅरिसमध्ये काळे, भोकं पडलेले स्वेटर दाखवले आणि लोक चक्रावले. १९९४ ला पहिला परफ्यूम आला, मार्क बक्स्टन या परफ्यूमरने, म्हणजे वास तयार करणाऱ्या माणसाने, बनवलेला, त्यात लवंग, दालचिनी, वेलची, मिरी, म्हणजे आपल्याला थेट मिसळणाचा डबाच आठवावा. बाटली उभी राहत नाही, आडवीच पडते, आणि पॅकिंग व्हॅक्यूम केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं! १९९८ च्या त्यांच्या ओदर ५३ या परफ्यूममध्ये तर जळलेलं रबर, नेलपॉलिश, वाऱ्यावर वाळत घातलेले कपडे असलं काय काय. कपड्यात ज्याला नाही म्हटलं, म्हणजे नटवेपणाला, त्याला परफ्यूममध्येही नाहीच म्हटलं. ओळख पुढे जाते ती अशी.

म्हणून आधी तुमचं लेबल काय करत नाही ते लिहा. जरी नाही, चकाकी नाही, फिटिंग घट्ट नाही, जे असेल ते. मग ब्रीफ, म्हणजे वास कसा हवा ते परफ्यूमरला सांगणारं टिपण. त्यात 'एलिगंट', 'बोल्ड' असले शब्द नकोत, परफ्यूमरला त्याचा काही उपयोग नाही. त्याच्या हातात कापडाचा तुकडा द्या आणि सांगा, खळ घातलेल्या सुती कापडावर गरम इस्त्री फिरते तेव्हाची वाफ पाहिजे, किंवा निळीच्या हौदाचा तो आंबूस वास पाहिजे पण अंगावर सोसेल इतकाच. मातीच पाहिजे असेल तर कनौजला भट्टीत भाजलेली माती तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे अर्क काढायच्या मोठ्या भांड्यात, घालून चंदनाच्या तेलात उतरवतात, ते मिट्टी अत्तर आधी हुंगून या.

मग ट्रायल येतील, त्यांना मॉड म्हणतात. कागदी पट्टीवर पहिल्या पाच मिनिटांत निर्णय घ्यायचा नाही, तेव्हा नुसतं वरचं, लगेच उडून जाणारं लिंबू-संत्रं बोलत असतं. मनगटावर लावून दिवसभर कामं करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पुन्हा हुंगा. आणि तुम्ही कपडेवाले आहात हे विसरू नका, स्वतःच्या पांढऱ्या सुतीवर आणि सिल्कवर मारून काही दिवस ठेवा, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन जास्त असेल तर ते तपकिरी पडत जातं, सिल्कवर तर साधा डागही उठून दिसतो. आपल्याच परफ्यूमने आपलाच कुर्ता खराब झाला तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवणार?

सगळ्यात जास्त लक्ष करारावर द्या. फॉर्म्युला बहुतेक वेळा परफ्यूमरकडे किंवा त्याच्या कंपनीकडेच राहतो, तुम्हाला फक्त तयार कॉन्सन्ट्रेट, म्हणजे अल्कोहोल मिसळायच्या आधीचं सुगंधी मिश्रण, मिळतं. उद्या त्यांनी भाव वाढवला किंवा एखादा घटक बदलला तर तुम्ही अडकलात, म्हणून फॉर्म्युला कोणाचा आणि तो दुसऱ्याला विकायचा की नाही हे आधीच लेखी घ्या. इफ्राचं, म्हणजे सुगंधी घटकांच्या सुरक्षिततेचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार असल्याचं, सर्टिफिकेटही मागून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. परफ्यूम भारतात कॉस्मेटिकमध्ये मोडतो, त्यामुळे २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे लायसन्स असलेल्या उत्पादकाकडूनच बनवून घ्या. कपड्यांचा ट्रेडमार्क क्लास २५ मध्ये असतो, परफ्यूमचा क्लास ३ मध्ये, तो वेगळा करावा लागतो आणि नेमका हाच राहून जातो. बाटलीचा साचा स्वतः काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, १५ मिमी गळ्याची तयार बाटली घ्या, पंप कुठेही मिळतो.

अल्कोहोलमुळे माल ज्वलनशील, सगळेच कुरिअरवाले तो विमानाने नेत नाहीत, हे ऑनलाइन ऑर्डर उघडायच्या आधी विचारून घ्या. तोवर कपड्यांच्या पार्सलमध्ये वास लावून वाळवलेली पट्टी टाका, पण छोट्या पाकिटात बंद करून, कापडाला लागता कामा नये.