चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं? निकेलबाबतच्या या चुका टाळा

उन्हं तापली की जळगाव-भुसावळकडे गच्चीगच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळायला लागतात, आणि त्याच दिवसांत भांड्यांची खरेदीही निघते. घाट्याला, म्हणजे बिबड्यांचं पीठ शिजवायला, मोठं पातेलं हवं, लग्नाच्या आहेराला डबे हवेत. दुकानात गेलं की पिशवीतून चुंबक बाहेर येतं. चिकटलं तर माल हलका, नाही चिकटलं तर अस्सल. आमच्या घरातलं पातेलंही या परीक्षेत पास झालं होतं. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्या तळाला तांबूस ठिपके पडले.

परीक्षाच चुकीची आहे. शुद्ध निकेल लोखंडासारखंच चुंबकाला चिकटतं. पण ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि तिथे निकेलमुळे अणूंची मांडणीच बदलते. म्हणून ते स्टील चुंबकाला दाद देत नाही. निकेल महाग. त्यामुळे २०१-२०२ ग्रेडमध्ये ते जवळपास निम्म्यावर आणून बाकीचं काम मँगेनीज आणि नायट्रोजनकडून करून घेतात. तेही चुंबकाला चिकटत नाही, पण मिठाआंबटापुढे ३०४ इतकं टिकत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या भांड्याला दाबून आकार दिला की काठाशी, वळणाशी चुंबक किंचित ओढलं जातं, आणि आपण तेच भांडं परत ठेवतो!

तेव्हा चुंबकावर विसंबू नका. भांड्यावर ग्रेड छापलेला आहे का ते बघा, आयएसआय चिन्ह शोधा (स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६ आहे) आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. चुंबक कामाला येतं ते इंडक्शनसाठी. तिथे बुडाला ते घट्ट चिकटलंच पाहिजे. नुसतं ३०४ चं पातेलं बहुतेक शेगड्या घेत नाहीत, म्हणून त्याच्या बुडाला चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा थर दिलेला असतो.

ठिपक्यांना आपली सवयही कारणीभूत असते. थंड पाण्यात मीठ टाकलं की ते न विरघळता तळाशी बसतं आणि नेमकं तिथेच स्टील कोरतं. पाण्याला उकळी आल्यावर मीठ टाका आणि लगेच ढवळा. कैरीचं लोणचं स्टीलच्या डब्यात महिनोन्‌महिने ठेवू नका, मग तो डबा ३०४ चा का असेना. त्याला चिनी मातीची बरणीच बरी.

दुसरी चूक जास्त त्रासाची. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, अंगावर शालू, गळ्यात एक ग्रॅम सोन्याचा हार. संध्याकाळपर्यंत मानेवर लाल पुरळ. घरात म्हणतात, घामोळं आहे, पावडर लाव. पण पुरळ नेमकं हार टेकतो तिथेच, कानाच्या पाळीला किंवा बेंबीजवळ जीन्सचं बटण लागतं तिथेच असेल, तर आधी निकेलचा संशय घ्या. अशा दागिन्यांवर सोन्याच्या मुलाम्याखाली बरेचदा निकेलचा थर असतो. मुलामा झिजला की घामात निकेल विरघळून कातडीत शिरतं. खान्देशात घामाला काय तोटा! ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. दागिन्याला आतून नेलपॉलिशचा हात देणं ही चार दिवसांची मलमपट्टी, तोही थर झिजतो. त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी चिकटवून ॲलर्जी तपासणं) करून घ्या. लेकीचे कान टोचताना तर स्वस्तातली बाळी घालूच नका. बऱ्याच जणींना हा त्रास तिथूनच सुरू होतो.

जर्मन सिल्व्हरची समई चांदीच्या भावात घेऊ नका. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते.

आणि विजेच्या शेगडीची कॉइल तुटली तर दोन टोकं पिळून जोडू नका. ती निक्रोमची, म्हणजे मुख्यतः निकेल आणि क्रोमियमची तार असते. पिळल्यावर तिची लांबी घटते, रोध कमी होतो, वीज जास्त ओढली जाते, आणि सैल सांधा तापून तार तिथेच पुन्हा जळते. प्लग काढा आणि तेवढ्याच वॅटची नवी कॉइल बसवून घ्या.