अप्पर आर्म घेण्याआधी गाडीखाली शिरा

सातारा एमआयडीसीत माझं लेथचं छोटं दुकान आहे आणि दारात इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप उभी असते, दोन इंच उचललेली. ती बघून आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, ‘आण्णा, लिफ्ट किट टाकलंय, आता अप्पर आर्म कुठले घेऊ?’ अप्पर आर्म म्हणजे चाकाला वरच्या बाजूनं चासीशी जोडणारा दांडा. मी उलट विचारतो, गाडी कुठली?

प्रश्न उगाच नाही. मागच्या महिन्यात कराडचा भाचा जिम्नी घेऊन आला. ‘मामा, मलापण आर्म टाकायचेत.’ म्हटलं, बाळा, आधी खाली वाकून बघ. जिम्नीला पुढं अख्खा एक्सल. दोन चाकांना दोन वेगळे अप्पर आर्म तिथं नाहीतच. तिचा कॅस्टर (तो काय ते पुढं सांगतो) वेगळ्या बुशनं, म्हणजे जोडातल्या रबरी नळीनं, किंवा एक्सल धरणारे आर्म बदलून सुधारतात. जिप्सीला तर स्प्रिंगच्या जागी पाटेच. हे सगळं लागू आहे ते फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस, २०२० नंतरची थार अशा गाड्यांना, जिथं पुढं दोन्ही बाजूंना वर-खाली आर्म आणि मध्ये स्प्रिंग असते.

गाडी उचलली की चाक चासीच्या मानानं खाली जातं आणि अप्पर आर्म कायमचा खाली झुकलेला राहतो. त्याच्या टोकाचा बॉलजॉइंट, म्हणजे चाकाला हलू देणारा गोळ्याचा सांधा, कंपनीनं जेवढा वळायला बनवलाय त्याच्या शेवटाजवळ येतो. दुसरं, कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. तो कल म्हणजे कॅस्टर. तो गेला की हायवेला ऐंशीच्या वेगात गाडी भरकटते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपसूक परत येत नाही. माझ्या गाडीचा लिफ्टनंतर १.४ अंश राहिला होता. कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल आणि त्याची दिशा, हेही हलतात आणि टायर एका कडेनं झिजतो.

म्हणून पैसे खर्चायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, ॲलाइनमेंट करून आकड्यांचा कागद घ्या. आकडे कंपनीच्या मर्यादेत बसत असतील आणि पुढची चाचणी पास झाली, तर आर्म नकोत. इंच-दीड इंच लिफ्टला बऱ्याचदा नसतातच लागत.

दुसरी चाचणी माझ्या बायकोला आवडत नाही, कारण तिला कणीक लागते. मागच्या चाकांना उटी, म्हणजे दगडाचा किंवा लाकडाचा अडसर, लावा, पुढची बाजू चासीखाली जॅक लावून उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. चाक पूर्ण लोंबकळू द्या. मग लोअर आर्मखाली दुसरा जॅक लावून चाक थोडं वर घ्या, अप्पर आर्म आणि स्प्रिंगच्या मध्ये मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा दाबा आणि चाक सावकाश परत खाली सोडा. पुन्हा वर घेऊन गोळा काढा आणि सगळ्यात पातळ जागा बघा. माझ्याकडं डाव्या बाजूला कणीक चपातीपेक्षा पातळ झाली होती आणि बॅटरीच्या उजेडात आर्मवर रंग उडून नखाएवढा पत्रा चकाकत होता. म्हणजे खड्ड्यात चाक सुटलं की आर्म स्प्रिंगला घासत होता. तेव्हा पटलं, आर्म लागणार.

आता निवड. खरा प्रश्न टोकाला काय आहे हा. युनिबॉल म्हणजे उघडा गोल बेअरिंग. तो जास्त वळतो, दिसतो झकास, शर्यतीत चालतो. मी पहिल्यांदा तेच घेतले. यवतेश्वरचा घाट चढून कास, तिथनं बामणोली, असा एक आख्खा पावसाळा काढला. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि बामणोली काही त्यापासून लांब नाही. जांभ्याचा तांबडा चिखल बेअरिंगात गेला आणि गणपतीपर्यंत पुढून कटकट सुरू. प्रेसवर बेअरिंग बाहेर काढलं तर आत तांबडी पेस्ट. चूक मालाची नव्हती, माझी होती. पावसात आणि चिखलात रोज चालणाऱ्या गाडीला रबरी बूट असलेला, जास्त कोनाचा बंद बॉलजॉइंटच घ्या. ग्रीस निप्पल असेल तर उत्तम.

चासीकडच्या बुशलाही तेच. पॉलियुरेथेन टिकतं, पण ग्रीस चुकलं की किरकिरतं आणि हादरे आत पोचवतं. मी रबर घेतलं.

विकणाऱ्याला विचारायचं ते असं: हा आर्म किती इंच लिफ्टसाठी आहे, त्यात कॅस्टर किती अंश वाढवून दिलाय, आणि बॉलजॉइंट-बुश सुटे मिळतात का. शेवटच्याला ‘आख्खा आर्मच घ्यावा लागेल’ असं उत्तर आलं तर मी फोन ठेवतो. हातात आल्यावर वेल्डिंग बघा. ओळ एकसारखी हवी, कडेला खाच नको. जाड पावडर कोटिंगखाली बरंच काही झाकलेलं असतं.

‘आण्णा, लेथ तुझाच आहे, बनवून दे की.’ नाही. बुशची स्लीव्ह, म्हणजे नळी, फिरवून देईन, पण आर्म नाही. तो खंबाटकीच्या उताराला तुटला तर चाक वरून मोकळं होईल. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या कोनावरचा ताणही आर्म बदलून जात नाही, त्यामुळं नव्या आर्मच्या भरवशावर चार इंच उचलू नका. रुंद टायर किंवा बाहेर आलेली रिम असेल तर स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून टायर आर्मला लागतो का ते पाहा.

बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो, कारण ती एका गॅरेजनं माझ्याच गाडीवर केली. चाक हवेत लोंबत असतानाच बुशचे बोल्ट आवळले. रबरी बुश आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. चार महिन्यांत फाटलं. बोल्ट नुसते लावा, गाडी चाकांवर उभी करा, मग टॉर्क रेंचनं आवळा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर पूर्ण लोंबल्यावर ताणत नाही ना, तेही बघा. मग लगेच ॲलाइनमेंट, आणि पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. माझा कॅस्टर आता ३.१ अंश आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ बनावटीतले बदल अडचणीचे ठरतात, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीकडं आधी विचारा. आणि जुने आर्म भंगारात देऊ नका, गाडी विकताना ते परत चढवावे लागतात. माझे कणगीशेजारी पोत्यात आहेत. बायको दर दिवाळीला विचारते, हे कधी जाणार.