उंदरांचे डॉक्टर व्हायचंय? पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी अनुभवाचे बोल

शेवटच्या वर्षाची मुलं हल्ली विचारतात, "मॅडम, संशोधनात जायचंय पण जनावर सोडायचं नाही. असं काही असतं का?" असतं. जिथे नवी औषधं आणि लसी तपासल्या जातात, कर्करोगावर किंवा मधुमेहावर काम चालतं, तिथे बहुतेक ठिकाणी ॲनिमल हाउस असतं आणि तिथल्या उंदीर (छोटा, म्हणजे माउस), रॅट (त्याहून मोठी, वेगळी जात), गिनीपिग, सशांना डॉक्टर लागतो. त्यांचं आरोग्य, भूल, वेदना, शिवाय प्रयोगाला लायक जनावर तयार करणं, हे सगळं त्या डॉक्टरच्या अंगावर असतं. मी बरीच वर्षं हे काम करते आहे. कॉलेजात असतानाच कशाकडे लक्ष द्यावं, ते सांगते.

आधी घरच्यांचा प्रश्न मिटवूया. "एवढं शिकून उंदीर सांभाळणार?" माझ्या मोठ्या काकांनी मला हेच विचारलं होतं. गावाकडे पशुवैद्य म्हणजे गाय अडली की रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस, आणि तो मान खराच आहे. काकांना मी हाफकिनांबद्दल सांगितलं. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार केली, ती सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्याच कामातून पुढे परळची हाफकिन संस्था उभी राहिली. आपलं १८८६ सालचं मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळमध्येच आहे आणि प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्थाही. हे सारं एकाच परिसरात असूनही कित्येक विद्यार्थी पाच वर्षांत तिकडे एकदाही फिरकत नाहीत. दुसरं नाव पीटर डोहर्टी यांचं. ते ऑस्ट्रेलियातले पशुवैद्यक. विषाणूची लागण झालेली पेशी शरीराच्या संरक्षक पेशी कशा ओळखतात, हे त्यांनी आणि रोल्फ झिंकरनागल यांनी कॅनबेरात उंदरांवर काम करून दाखवलं आणि १९९६ साली दोघांना नोबेल मिळालं.

आता कामाकडे. पशुवैद्यकाकडे एक गोष्ट आधीपासून असते, जी एमएस्सी करून आलेल्या हुशार मुलांनाही नव्याने कमवावी लागते, ती म्हणजे नजर. ओपीडीत कुत्रं टेबलावर घ्यायच्या आधी ते दारातून कसं चालत आलं, हे आपण बघतो. तीच सवय इथे चालते. पिंजऱ्याला हात लावायच्या आधी नुसतं बघत उभं राहा. अंगावरचे केस उभे आहेत का, पाठ कमानीसारखी वर आली आहे का, बाकीचे एकत्र झोपलेले असताना एकटाच कोपऱ्यात बसलाय का. घरटंही बघा. निरोगी उंदराला कागदाचे तुकडे दिले की तो त्याचं घरटं करतो. सकाळी कागद जसेच्या तसे पडलेले दिसले, तर काहीतरी बिनसलंय.

उंदीर, ससे हे शिकार होणारे प्राणी, त्यामुळे दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच असतं. माणूस समोर आला की ते आणखी लपवतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने २०१० साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत मांडली. डोळे किती मिटलेत, नाक आणि गाल फुगलेत का, कान मागे वळलेत का, मिशा कशा आहेत, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. इंटर्नशिपला आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते. सुरुवातीला सगळे उंदीर सारखेच दिसतात. हळूहळू त्यांना वेगळे चेहरे दिसायला लागतात आणि तिथून पुढे शिकवणं सोपं जातं. रॅटचा घाबरल्यावरचा आवाज साधारण २२ किलोहर्ट्झचा असतो, आपल्या कानांच्या पलीकडचा. म्हणजे खोली शांत वाटली तरी ती शांत असेलच असं नाही.

नजरेच्या बाबतीत माझे सगळ्यात मोठे शिक्षक म्हणजे ॲनिमल हाउसमधले मामा. रोज पिंजरे बदलणारा, खाद्य-पाणी देणारा माणूस. "मॅडम, त्या तिसऱ्या रॅकच्या खालच्या पिंजऱ्यात पाणी कमी संपतंय," असं मामा म्हणाले की मी हातातलं काम टाकून जाते. नवीन विद्यार्थी टेक्निशियनशी आणि मामांशी कसा बोलतो, यावरून तो या कामात टिकेल का, याचा मला बराच अंदाज येतो.

हाताळणीही मामांकडूनच शिका. उंदीर शेपटीला धरून उचलायची आपली जुनी रीत. २०१० मध्येच इंग्लंडमधल्या अभ्यासातून दिसलं की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाला खूप कमी घाबरतात. घाबरलेल्या जनावराची साखर, रक्तदाब, वागणूक सगळंच बदलतं, तेव्हा ही फक्त दयेची बाब नाही, मोजमापाचीही आहे. सशाच्या बाबतीत तर हयगय चालतच नाही. मागच्या पायांना आधार न देता उचललं तर तो असा झटका मारतो की कमरेचा मणका मोडतो.

काही गोष्टी मात्र विसराव्या लागतात. भुलेत उलटी होऊ नये म्हणून कुत्र्याला आपण आधी उपाशी ठेवतो. उंदराला आणि रॅटला उलटी होतच नाही, त्यामुळे त्या कारणासाठी उपाशी ठेवायची गरज नसते. उलट एवढासा जीव उपाशी राहिला की त्याची साखर घसरते. भुलेत त्याचं अंग भराभर गार पडतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण खाली गरम पॅड नव्हतं म्हणून उंदीर दगावला, असं घडतं. डोळे उघडे राहतात, म्हणून मलम लावायचं. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्तच २ मिलीच्या आत-बाहेर, आणि एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त काढायचं नाही, म्हणजे जेमतेम ०.२ मिली. डोस काढताना दशांश चिन्ह एक घर सरकलं तर जनावर वाचत नाही. केटामीन हे भुलेचं औषध २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, तेव्हा कुलूपबंद कपाट आणि तारीखवार नोंदवही हा कामाचाच भाग समजा.

कॉलेजात सगळ्यांना कंटाळवाणा वाटणारा संख्याशास्त्राचा विषय इथे थेट जिवाशी येऊन भिडतो. प्रयोगांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या समितीकडे येणाऱ्या कितीतरी अर्जांत "प्रत्येक गटात सहा प्राणी" असं लिहिलेलं असतं. का सहा, असं विचारलं की उत्तर येतं, "मागच्या पेपरात सहाच होते." एक साधी पद्धत आहे: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० च्या दरम्यान आलं की ठीक. चार गट, प्रत्येकी सहा, म्हणजे २४ वजा ४, वीस. पाच गट केले तर ३० वजा ५, पंचवीस, म्हणजे या हिशेबाने काही उंदीर जास्तीचे. अपेक्षित परिणाम किती मोठा आहे ते माहीत असेल, तर त्यावरून संख्या काढणं याहून चांगलं. पण कमी प्राणी घेणं म्हणजे दरवेळी चांगलंच, हेही खरं नाही. इतके कमी घेतले की निष्कर्षच निघाला नाही, तर ते सगळे वाया गेले. पशुवैद्यकाने हे गणित स्वतः करून बघावं.

जातीकडेही तसंच लक्ष द्या. गाईंत आपण गीर आणि होल्स्टाइनमध्ये फरक करतो, मग "पांढरा उंदीर" एवढंच लिहून कसं चालेल? सी३एच/एचईजे या जातीच्या उंदरांत डोळ्याचा पडदा (रेटिना) लहानपणीच झिजवणारा जनुकीय दोष असतो. पाण्याच्या टाकीत खुणा बघून वाट शोधायची स्मरणशक्तीची चाचणी त्यांच्यावर केली, तर ते हरणारच आणि संशोधक म्हणणार स्मरणशक्ती गेली. शेपटीखाली सेलोटेप लावून सूक्ष्मदर्शकाखाली पिनवर्मची अंडी बघायची साधी तपासणी आहे. कॉलनीत, म्हणजे एकत्र वाढवलेल्या उंदरांत, हे जंत असतील तर प्रतिकारशक्तीवरच्या प्रयोगाचे आकडे बदलू शकतात. इथे परजीवीशास्त्राच्या प्रॅक्टिकलला जागलेल्या रात्री कामी येतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीतिसमिती असते, आणि त्या समितीत पशुवैद्यक असावाच लागतो. वर केंद्राची समिती, जिला आधी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. उंदीर-रॅटवरच्या प्रयोगांना संस्थेची समिती मान्यता देते, कुत्र्या-माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांचे अर्ज वर जातात. अर्जाचा नमुना म्हणजे फॉर्म बी. विद्यार्थ्यांनो, इंटर्नशिपमध्ये एकदा तरी कोरा फॉर्म बी घेऊन बसा आणि स्वतः भरून बघा. पुस्तकातला धडा वाचून जे कळत नाही ते त्या रकाने भरताना कळतं.

त्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे प्रयोग कधी थांबवायचा. एका पीएचडीच्या मुलाने कर्करोगाच्या गाठीच्या प्रयोगासाठी तिथे फक्त "२८ वा दिवस" असं लिहिलं होतं. मी त्याला बोलावलं.

"आणि विसाव्या दिवशीच उंदराला चालवेना झालं तर?"

"मॅडम, २८ दिवस पूर्ण नाही झाले तर डेटा जाईल."

"अरे, मरायला टेकलेल्या उंदराच्या रक्तात तुला औषधाचा परिणाम दिसणार आहे, की उपासमारीचा?"

तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं: वजन सुरुवातीच्या २० टक्के घटलं, गाठ फुटून जखम झाली, पाण्याच्या बाटलीपर्यंत पोचता येईना, यांतलं काहीही एक झालं की त्या उंदराचा प्रयोग तिथेच संपला. रविवारी हे कोण ठरवणार, त्याचं नाव आणि फोन पिंजऱ्याच्या कार्डावर. हे सगळं पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी लिहायचं. एकदा प्रयोग सुरू झाला, पैसे खर्च झाले, गाइड घाई करायला लागले की "अजून एकच दिवस" म्हणणारे सगळे असतात. त्या वेळी पशुवैद्यकाच्या बाजूने फक्त तो लिहिलेला कागद असतो. तो नसेल तर तुम्ही विनंती करणारे, असेल तर तुम्ही डॉक्टर. नवीन मुलांना मी सगळ्यात जास्त हेच सांगते, कारण कॉलेजात आपल्याला वाचवायला शिकवतात. कुणा वरिष्ठाला "थांबा" म्हणायला शिकवत नाहीत.

मारण्याबद्दल न बोलता पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटेल. बहुतेक प्रयोगांच्या शेवटी प्राणी मारावा लागतो आणि ते नीट करणं ही आपली जबाबदारी असते. कार्बन डायऑक्साइडचा वॉल्व्ह एकदम उघडायचा नाही. दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के इतक्याच वेगाने वायू सोडायचा, म्हणजे वेदना व्हायच्या आधी शुद्ध हरपते. मृत्यूची खात्री केल्याशिवाय पेटीजवळून हलायचं नाही. इतर जनावरं ठेवलेल्या खोलीत हे करायचं नाही. याचा त्रास होतो. वर्षं गेली तरी होतो आणि झालाच पाहिजे, असं मला वाटतं. ज्याला काहीच वाटेनासं झालंय, त्याला मी काही दिवस प्रजननाच्या खोलीत कामाला लावते. पिल्लं मोजणं, विनिंग (पिल्लं आईपासून वेगळी करणं), नोंदी. आणि ज्याला हे मुळीच सोसवत नाही, त्याने दुसरी वाट धरली तर त्यात कमीपणा नाही.

"पर्यायी पद्धती आल्यावर ही नोकरी राहील का?" हाही नेहमीचा प्रश्न. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली तीन तत्त्वं मांडली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत, प्राणी कमी, त्रास कमी. आपल्या देशाने त्यात चौथं जोडलं, प्रयोगानंतरचं पुनर्वसन. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत पेशींवरच्या आणि चिपवरच्या (चिपवर वाढवलेल्या सूक्ष्म अवयवांवरच्या) पद्धतींना जागा मिळाली. मला याचा मनापासून आनंद आहे. या पद्धती खऱ्या शरीराशी जुळतात का हे तपासायलाही शरीर जाणणारा माणूस लागतो. त्यामुळे जी मुलं पेशीसंवर्धनही (प्रयोगशाळेत पेशी वाढवणं) शिकतील, त्यांना काम कमी पडणार नाही.

वाटा अनेक आहेत. एमव्हीएस्सीला (पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला) विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी), औषधशास्त्र, शल्यचिकित्सा, सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी काहीही घेऊन इकडे येता येतं. चेन्नईच्या तामिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठात प्रयोगशाळा-प्राणी वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. हैदराबादला आयसीएमआरची या विषयाची राष्ट्रीय संस्था आहे. विकृतिशास्त्रवाल्यांना औषध कंपन्यांत आणि चाचणी करणाऱ्या संस्थांत चांगली मागणी असते. अमेरिकेत पशुवैद्यक विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन शिकवणारे कार्यक्रम आहेत आणि तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडून (एनआयएच) त्यांना पैसे मिळतात. आपल्याकडे तशी मोठी सोय नाही, ती व्हावी असं मला फार वाटतं. तोवर सुट्टीत स्वतःच पत्र लिहून विचारायचं. मुंबई-पुण्यात खारघरचं कर्करोग संशोधनाचं ॲक्ट्रेक, पुण्यातलं पेशीविज्ञानाचं एनसीसीएस, विज्ञान शिक्षण-संशोधनाचं आयसर अशा संस्था आहेत.

पत्र प्राध्यापकांच्या सहीशिफारशीने पाठवा, पण मजकूर स्वतः लिहा. एक पान पुरे. "संशोधनाची आवड आहे" हे वाक्य सगळेच लिहितात. त्याऐवजी तुम्ही कुठल्या जनावरांना हाताळलंय, किती पोस्टमॉर्टेमना उभे राहिलात, स्लाइड वाचता येतात का, भुलेच्या वेळी नोंदी ठेवल्यात का, ते लिहा. घरी पाळीव उंदीर किंवा हॅमस्टर असतील तर तेही सांगा, कारण बाहेरचा संसर्ग कॉलनीत येऊ नये म्हणून अनेक ठिकाणी त्यावर बंधन असतं. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. आणि दमा किंवा ॲलर्जी असेल तर लपवू नका. उंदराच्या लघवीतल्या प्रथिनाने दमा उफाळतो. आधी कळवलंत तर तुम्हाला कुठला मास्क लागेल आणि कुठल्या खोलीत काम द्यायचं, ते तुम्ही यायच्या आधीच ठरवता येतं.