कोवळ्या बेसाल्टमधून प्रावरणाचा माग काढताना

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखीचा बेसाल्ट पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला सह्याद्रीचा कातळ आठवला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर ज्या तप्तस्थानातून, म्हणजे प्रावरणातून सतत शिलारस वर येणाऱ्या जागेतून, ओतले गेले ते आज याच बेटाखाली आहे, असे बहुतेक संशोधक मानतात. तरीही खडकातल्या स्ट्रॉन्शिअमवरून प्रावरणातला उगम शोधायला शिकणाऱ्या नवशिक्याने दख्खनऐवजी रियुनियनपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. खडक कोवळा, म्हणजे अलीकडेच थिजलेला, असल्यामुळे किरणोत्सारी रुबिडिअमच्या क्षयातून पुढे साठत गेलेले स्ट्रॉन्शिअम-87 वजा करत बसावे लागत नाही, आणि बेट महासागरी कवचावर उभे असल्यामुळे वाटेत खंडीय कवच मिसळण्याची शंकाही उरत नाही. दख्खनमध्ये हीच शंका पदोपदी आडवी येते: दख्खनच्या लाव्हाथरांपैकी आंबेनळी थरांत ही भेसळ अगदी कमी, तर बुशे थरांत इतकी की स्ट्रॉन्शिअमच्या 87 आणि 86 या समस्थानिकांचे गुणोत्तर 0.71 च्याही वर जाते.

प्रावरण वितळताना किंवा शिलारसातून स्फटिक वेगळे होताना हे गुणोत्तर बदलत नाही, म्हणूनच ते उगमाची खूण ठरते. सागरमध्य पर्वतरांगांच्या बेसाल्टमध्ये ते साधारणपणे 0.7025 ते 0.703 असते, तर रियुनियनमध्ये 0.704 च्या किंचित वर. सारा फरक तिसऱ्या दशांशस्थळाचा असल्यामुळे नमुन्याच्या स्वच्छतेवरच सगळी भिस्त असते. रुबिडिअम-87 आणि स्ट्रॉन्शिअम-87 यांचे वस्तुमान जवळजवळ सारखेच असल्याने, अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुना जाण्याआधी रेझिनच्या नळीतून रुबिडिअम पूर्ण वेगळे करावे लागते. हायड्रोफ्लोरिक आम्लात चूर्ण विरघळवताना त्या आम्लाच्या भाजण्यावर लावायचे कॅल्शिअम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असल्याखेरीज टेफ्लॉनच्या भांड्याचे झाकण उघडू नये.

माझे पहिले नमुने मी टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळले होते. नायोबिअम आणि टँटलम यांचे गुणोत्तर विचित्र आले, आणि कित्येक दिवस मी त्यात प्रावरणातला एखादा वेगळा घटक शोधत राहिलो. प्रत्यक्षात ते जास्तीचे टँटलम भांड्यातून आले होते. करवतीच्या खुणा घासून काढलेले तेच तुकडे अकिकाच्या खलात कुटले, तेव्हा आकडे जागेवर आले. तेव्हापासून कुठल्याही नमुन्याच्या नोंदीत खडक कशाने कापला आणि कशात दळला हे मी सर्वांत आधी लिहितो, आणि आलेखावर स्ट्रॉन्शिअमच्या जोडीला निओडिमिअम व शिसे यांच्या समस्थानिकांचे आकडे मांडल्याशिवाय उगमाविषयी एकही वाक्य लिहीत नाही.