विद्यापीठाच्या नावाचा हप्ता

सांगलीत बँकेच्या कर्ज विभागात मी चोवीस वर्षं काढली. शिक्षणकर्जाला आलेला बाप आधी विद्यापीठाचा नंबर सांगतो, फी मागाहून. मागच्या वर्षी माझा भाचाच आला. मेकॅनिकल झालेला. जर्मनीत मास्टर्सला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, म्युनिकचं टीयूएम आणि आखेनचं आरडब्ल्यूटीएच. क्यूएस ही संस्था जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी लावते; तिच्या यादीत म्युनिक पहिल्या तिसांत, आखेन शंभरीच्या आसपास.

"मामा, म्युनिकच ना?"

एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हिशेब मांडला. तुम्हीही तसाच मांडा.

दोन्हीकडे सारखा येणारा खर्च आधी बाजूला काढा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. युरो शंभर रुपयांना धरला, तर दोन वर्षांचे २४ लाख. आता नुसता फरक बघा. आखेनला फी नाही, सेमिस्टरला तीनेकशे युरो वर्गणी. म्युनिकनं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना फी लावली; मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो. मधला आकडा धरला तर चार सेमिस्टरचे २० लाख. म्युनिकचं खोलीभाडं वेगळंच, ते ऐकून ताईनं पाणी मागितलं.

या २० लाखांचा हप्ता काढा. १० टक्के व्याज आणि १० वर्षं मुदत धरली, तर लाखाला १,३२२ रुपये बसतात. पण कोर्सची दोन वर्षं आणि पुढचे सहा महिने हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. सरळव्याजानंही २० चे २५ होतात (रक्कम टप्प्याटप्प्यानं उचलली तर थोडे कमी). म्हणजे महिना ३३,०००, दहा वर्षं, केवळ नावापोटी.

हे नाव महिन्याला तेवढं जास्त मिळवून देईल का? क्यूएसच्या गुणांत ३० टक्के प्राध्यापकांचं मत आणि १५ टक्के कंपन्यांचं. जवळजवळ निम्मी यादी म्हणजे लोक काय म्हणतात ते. बड्या सल्लागार कंपन्यांत किंवा गुंतवणूक बँकांत जायचं असेल तर नावाला किंमत आहे, तिथं मी हात आखडता घ्यायला सांगणार नाही. पण ही दोन्ही विद्यापीठं टीयू९ या नऊ तांत्रिक विद्यापीठांच्या गटातलीच. माझं मत विचाराल तर जर्मनीत मेकॅनिकलवाल्याला बी-टू या पातळीपर्यंतची जर्मन भाषा आणि शिकताना केलेलं कंपनीतलं अर्धवेळ काम जास्त उपयोगी पडतं.

शेवटी वाईटातलं वाईट धरा. पोरगं परत आलं, चाकणला नोकरी लागली. बाजूला काढलेले २४ लाखही धरले, तर व्याजासकट म्युनिकचा पूर्ण हप्ता ७२,७००, आखेनचा ३९,७००. नव्या पोराच्या पगारातून दुसराही ओढाताणीनंच जाईल, पहिला दाजींच्या पेन्शनवर येईल. आणि शेतीवर भिस्त ठेवू नका. कर्ज थकलं तर तारण विकून वसुली करायचा हक्क बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून एवढ्या रकमेला बँक राहतं घर, फ्लॅट नाहीतर एनए प्लॉट मागते.

दाजी घराचे कागद घेऊनच आले होते. म्हणाले, "आखेन? पाव्हण्यांना काय सांगायचं?"

"जर्मनी सांगा," मी म्हटलं. कागद मात्र ठेवून घेतले. २४ लाखांनाही तारण लागतंच.