नदी उतरू लागली: आरे-बोरिवलीच्या पाड्यांसाठी ऑक्टोबरचा सल्ला

हत्तीचा पाऊस ओसरला की दहिसर नदीचा गढूळपणा जातो आणि तळाचे गोटे दिसू लागतात. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, पण काठच्या खाचरवाल्याने तारखेपेक्षा नदीकडे बघावं. तुळशी तलावाकडून निघून मनोरीच्या खाडीला मिळेपर्यंत ही नदी जेमतेम १२ किलोमीटर धावते. डोंगर जवळ, उतार उभा. रानात सर कोसळली की पाणी लगेच चढतं आणि तितक्याच लवकर उतरतं. पोयसर, ओशिवरा यांचीही तीच तऱ्हा. म्हणून दुपारनंतर गडगडू लागलं तर कापलेलं भात काठच्या खाचरात रात्रभर पसरून ठेवू नका. वरच्या मळीवर न्या.

'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' असं जुने लोक म्हणतात. काही जण याचा अर्थ भात उदंड पिकतं असा लावतात. लावोत बापडे. तयार लोंबीवर चित्रा नक्षत्राचा पाऊस पडला की दाण्याला कोंब फुटतो, हे ज्याने पाहिलंय त्याला अर्थ विचारावा लागत नाही.

हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात आधी उरका. लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी धरा. सगळं वाळायची वाट पाहिली तर दाणा गळतो आणि भरडताना कणी जास्त पडते. निमगरवं, गरवं, म्हणजे मध्यम आणि उशिरा तयार होणारं भात उभं असेल तर कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांधाची तोंडं फोडून पाणी काढा. दव सुकल्यावर वैभव विळ्याने (दातेरी सुधारित विळा) अगदी जमिनीलगत कापा, कारण खोडकिड्याची अळी धसकटात दडून राहते.

आरेतल्या ज्या खाचरांत तबेल्यांचं धुवण ओहोळातून येतं, तिथलं भात काळंभोर हिरवं दिसतं आणि नेमकं तेच आडवं पडतं. नत्र जास्त झालेलं असतं. तिथे पुढच्या वर्षी युरिया हात राखून टाका. पडलेलं भात सर्वांत आधी कापा. लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी अशाच जागी लपते.

भात निघालं की जमिनीची ओल वाया घालवू नका. पायाचा ठसा उमटतो पण चिखल चिकटत नाही, असा वाफसा आला की वाल पेरा. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बरा. बियाण्याला रायझोबियम चोळा. वाल ओलीवर येतो खरा, पण फुलोऱ्यात एक पाणी मिळालं तर शेंग भरते, आणि ते पाणी आत्ताच अडवायला हवं. ओहोळाची धार बारीक झाली की रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय एक दगडही हलवू नका. कान्हेरीच्या भिक्षूंनी कातळात पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी खोदली ती याच डोंगराच्या पाण्यासाठी. पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात ठणठणाट, ही इथली जुनीच अडचण.

वस्तीतून पुढे गेलेली नदी मात्र शेतीची उरत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर पालक, माठ, मुळा करू नका; पालेभाजी धुतली तरी आत शोषलेलं शिसं, कॅडमियम निघत नाही. दुसरं पाणीच नसेल तर तिथे झेंडू लावा. खाडीजवळच्यांनी अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीत नदीचं पाणी घेऊच नये, खारं वर चढतं.

चिखलात उतरताना गमबूट घाला. पायाला चीर असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. ताप आला तर अंगावर काढू नका, चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. कापणी उजेडात संपवा. तिन्हीसांजेला भारे आणायला एकट्याने जाऊ नका, पोरांना तर मुळीच पाठवू नका. बिबट्याला वाकलेला माणूस माणसासारखा दिसत नाही.

आणि बंधाऱ्याच्या गोण्या मे महिन्यात काढून घ्या. नाहीतर जूनच्या पहिल्या लोंढ्यात त्याच खाली वाहत जाऊन पुलाच्या मोरीत अडकतात.